हिरासिंगानं दाखवलेली खाडी

आर्णीजवळच्या त्या बंजारा तांड्यात बसंतीबाईचा शब्द चाले. नवरा वारला तेव्हा तिची दोन्ही पोरं लहान होती. थोरल्या प्रेमसिंगला तिनं वावर कसायला शिकवलं, धाकट्या हिरासिंगला शाळेत घातलं. पुढं प्रेमसिंगची बायको लेकीला, रामीला, जन्म देताना गेली आणि बसंतीबाईनं उतारवयात पुन्हा एक पोर वाढवलं. रामी आपल्या आजीलाच याडी, म्हणजे आई म्हणायची.

रामी सोळाची झाली तेव्हा उमरखेडकडून देवीलालचं स्थळ आलं. बसंतीबाईनं पाहुण्यांना जेवू घातलं आणि ते निघायच्या आधीच सांगितलं, "आमची पोरगी तुमच्या घरी येनार नाई." देवीलालची पहिली बायको बसंतीबाईच्या बहिणीच्या तांड्यातली होती. मार खाऊन ती माहेरी परतली, तेव्हा तिचा वाकडा झालेला हात बसंतीबाईनं पाहिला होता. प्रेमसिंग गप्प बसला. विषय संपला असं तिला वाटलं.

१९६३च्या होळीला हिरासिंग घरी आला. तो कोकणात जंगल खात्यात रखवालदार होता. एका खाडीत सरकारनं शिकार बंद करून जागा पाखरांसाठी राखली होती, तिथं त्याची नोकरी.

"याडी, या खेपेला माह्यासंगं चाल," तो म्हणाला. "जलमभर वावर न् चूल. समुद्र तरी पाह्य."

"न् रामी?"

"दादा हाय न. पंधरा दिवसाची तं गोष्ट."

लेकानं आपणहून कुठं न्यावं असं तिच्या बाबतीत कधी घडलं नव्हतं. एसटीनं धामणगाव, तिथून आगगाडी, मग लाँच. वाटेत हिरासिंगानं तिला खिडकीशी बसवलं, पाणी आणून दिलं. तिनं मनातल्या मनात त्याला किती आशीर्वाद दिले असतील.

खाडी पाहून मात्र ती आधी हिरमुसली. ओहोटी होती. तिवरांच्या झुडपांमागं नुसता काळा चिखल. मग हिरासिंगानं होडी वळवली आणि समोर उथळ पाण्यात लांब पायांची पाखरं दिसली. शेकड्यांनी होती, माना खाली घालून चरत होती. एक थवा उठला तेव्हा पंखांखालचा लाल रंग उघडा पडला. बसंतीबाई तोंडाला पदर लावून बघत राहिली. तिनं पाण्यात बोट बुडवून चाखलं.

"आपले जुने लोकं इकडूनच मीठ लादून नेत होते," ती म्हणाली. "माह्या आज्याचे बैल आले असतीन इथं."

रोज ती होडीत बसू लागली. आठवडाभरानं हिरासिंगाचा जोडीदार रखवालदार बरोबर आला. साधा माणूस होता, बोलता बोलता म्हणाला, "आजी, नातीच्या लग्नाला थांबला नाहीत? हिरासिंगानं काल पेढे वाटले."

"कोनत्या नातीच्या?"

तो हिरासिंगाकडं बघू लागला. हिरासिंगानं वल्हं थांबवलं.

"रामीचं लगन झालं, याडी. देवीलालसंगं."

ती त्याच्याकडं वळली. मग विचारलं, "तुले कायले एवढी घाई होती?"

"साटंलोटं हाय. त्याची बहीन मले देऊन राह्यले. माही तिशी उलटली, या चिखलात कोन पोरगी देते?"

"म्हून मले इथं आनलं?"

"तुले दाखवायचं तं होतंच," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच निघाली. अक्षर येत नव्हतं, विचारत विचारत गावी पोचली. प्रेमसिंग म्हणाला, "झालं ते झालं." ती घरात टेकलीही नाही, तशीच उमरखेडला गेली.

रामीनं तिला पाहुण्याला द्यावं तसं तांब्याभर पाणी दिलं.

"बापू म्हने, याडी हो म्हनून गेली. तिच्यानं पाह्यवत नाई, म्हून कोकनात गेली."

"मी नाई म्हनलं होतं, पोरी."

"मंग गेली काहून?"

हिरासिंगानं नेलं म्हणून, समुद्र दाखवतो म्हणाला म्हणून. हे सांगायचं सोडून तिनं पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला.

ती आर्णीला परतलीच नाही. देवीलालच्या तांड्यापासून जवळच तिच्या बहिणीचा तांडा होता, तिथं राहून ती दुसऱ्यांच्या वावरात निंदणीला जाऊ लागली. दिवाळीनंतर हिरासिंगाचं लग्न झालं, त्याला ती गेली नाही. पुढच्या उन्हाळ्यात रामी सुजलेल्या तोंडानं तिच्याकडं आली आणि तिथंच राहिली. देवीलालनं मग आपली बहीण हिरासिंगाकडून परत नेली.

हिरासिंग आला तो थेट बोलला. "रामीले धाड, याडी. तवाच माही बायको येईन. माहं घर मोडू नको."

"तुही बायको गरीब हाय, तिचा काही दोष नाई," बसंतीबाई म्हणाली. "पन रामी जानार नाई."

तिनं त्याला भाकर वाढली. त्यानं ती खाल्ली नाही. तो होता तोवर रामी कुडाच्या आडून बाहेर आली नाही. तो गेल्यावर तिनं विचारलं, "धाडशीन का मले?"

"नाई."

रामीनं मान डोलावली. पण तिनं आपलं गाठोडं सोडलं नाही. बरेच दिवस ते तसंच बांधलेलं दाराजवळ होतं.