कानबाईच्या आधी आबांची खीर

आमच्या घरात औषधपाण्याबद्दल माझं मत विचारायची पद्धत नाही. पूर्वी होती. ती बंद पडली ती नव्वदच्या दशकात, एका रविवारी दुपारी.

तेव्हा आम्ही सुरतेत डिंडोलीला राहायचो. वडील, म्हणजे आबा, खानदेशातून येऊन एका लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, कारीगर म्हणून लागले होते. त्याच खात्यात पुढे मी जॉबर झालो. जॉबर म्हणजे माग बिघडला की पाना घेऊन धावणारा. बापाचा माग मुलानं दुरुस्त करायचा, त्यामुळे दोघांचाही रोज थोडा थोडा अपमान व्हायचा.

त्या वर्षी आबांना शुगर निघाली. गल्लीच्या तोंडाशी एक गुजराती डॉक्टर बसायचे. दवाखाना रिकामा होता आणि मी प्रश्न विचारणारा होतो, म्हणून त्यांनी चिठ्ठीच्या पाठीवर चित्र काढून सगळं समजावलं.

"जो भाई, हे बघ, जठराच्या मागे स्वादुपिंड. त्यात काही पेशी. या पेशी साखर चाखत नाहीत, जाळतात. रक्तात साखर वाढली की ती पेशीत शिरते, जळते, त्यातून शक्ती तयार होते. ती शक्ती पेशीच्या भिंतीतली पोटॅशियमची दारं बंद करते. ती बंद झाली की विजेचा भार बदलतो आणि कॅल्शियमची दारं उघडतात. कॅल्शियम आत आलं की पुड्या बांधून ठेवलेलं इन्सुलिन बाहेर. साखर उतरली की जळायला काही नाही, मग पुड्याही जागेवर."

"म्हणजे बाण्याचा काटा!" मी ओरडलोच. आमच्या मागावर आडव्या सुताला चाचपणारा एक काटा असतो. सूत त्याला रेटतं तोवर माग चालतो. सूत संपलं की काटा अडकतो आणि माग थांबतो.

"बराबर," डॉक्टर म्हणाले. "आबांच्या पेशी सुस्त झाल्यात. ही गोळी पोटॅशियमचं दार स्वतःच लावते, साखर असो वा नसो. म्हणून गोळी घेतली की जेवायचंच."

मी मान डोलावली. खरं तर 'बराबर' नंतरचं माझ्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. आपली उपमा डॉक्टरांना पटली, या आनंदात मी घरी आलो, साखरेचा डबा शेजाऱ्यांना देऊन टाकला आणि वर त्यांना स्वादुपिंडावर भाषणही दिलं. पुढचे काही आठवडे मी भेटेल त्याला पेशी समजावत होतो. लोक कामं आठवून निघून जायचे.

मग श्रावणातला, आमच्या कानबाई देवीचा रविवार आला. खानदेशी घरात कानबाई बसायची म्हणजे संध्याकाळी तिची स्थापना होईपर्यंत घरच्या मोठ्यांना उपास. सकाळी मी नेहमीसारखी आबांच्या हातावर गोळी ठेवली. मायनं कणीक मळता मळता विचारलं, "उपास शे ना? मंग गोळी काबर?"

मी तिला समजावलं की गोळी म्हणजे अन्न नव्हे, तिनं उपास मोडत नाही. देवीला चालेल की नाही हा तिचा प्रश्न नव्हता, हे मला दुपारी कळलं.

दुपारी आबा भिंतीला टेकून बसले होते. सदरा घामानं चिंब, हात थरथरत होते. मी जवळ गेलो तर माझ्याकडे बघून अदबीनं म्हणाले, "शेठ, आपका जॉबर कुछ काम का नहीं है."

आबा शुद्धीत नसताना इतकं खरं बोलतील असं वाटलं नव्हतं. आणि तेव्हा मला काटा आठवला. सणाच्या तोंडावर जास्त माल काढायचा असला की आम्ही जॉबर लोक तो काटा सुतळीनं बांधून ठेवायचो. मग सूत संपलं तरी माग चालतच राहतो, आणि कापडात फट पडते. सकाळी मी नेमकं तेच आबांना केलं होतं. पोटात सूत नाही आणि काटा बांधलेला.

"साखर आण!" मी बायकोला म्हणालो.

"कुठली साखर?" ती म्हणाली. "तुम्हीच दिली ना शेजारी."

घरात गोड एकच होतं. नैवेद्याची खीर, तीही घरात होता नव्हता तो गूळ घालून केलेली. देवीला दाखवण्याआधी तिचा वाससुद्धा घ्यायचा नसतो. मायनं झाकण काढलं, पळी बुडवली.

"आई, तो नैवेद्य..." बायको चाचरली.

"कानबाईले मी सांगी देसू. तिले बी नवरा शे."

"माय, त्याचं काय आहे, पोटॅशियमची दारं..."

"तुनं ते नंतर सांग, भाऊ. डोकं धर त्यासनं."

मी डोकं धरलं. ती चमच्यानं भरवत राहिली. पहिले दोन चमचे ओठांवरूनच ओघळले. तिसरा आबांनी गिळला. चमचा मोजून भरवायची सवय नसलेल्या मायनं अर्धं पातेलं संपवलं, तेव्हा आबांची नजर जागेवर आली. ते म्हणाले, "वेलदोडा कमी शे."

मग मी धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आलो. त्यांनी बोटातून रक्त काढून पाहिलं. गोळीचा जोर दिवसभर राहतो, तेव्हा थोड्या थोड्या वेळानं खायला देत राहा, म्हणाले. लूमवाल्यांच्या वस्तीतले डॉक्टर ते; निघताना मला विचारलं, "तुमच्या खात्यात काटा बांधतात का रे?"

"छे," मी म्हणालो.

संध्याकाळी कानबाईला उरलेली खीर मिळाली. माय तिच्याशी बराच वेळ हळू आवाजात बोलली. त्यात माझा उल्लेख असावा, कारण बायको हसत होती.

तेव्हापासून गोळ्यांची डबी मायच्या ताब्यात गेली. स्वादुपिंडाचं तिला काही माहीत नव्हतं. ताट समोर आलं की गोळी, ताट नाही तर गोळी नाही, इतकंच. त्या दुपारचं काही आठवत नाही, असं आबा शेवटपर्यंत सांगत राहिले. फक्त रोज जेवायला बसले की गोळी हातात घेऊन माझ्याकडे बघायचे आणि विचारायचे, "शेठ, घेऊ का?"