पुस्तकाला ‘अहो’ म्हणणारी

आमची ताई पुस्तकाशी भांडायची. मनात नाही, मोठ्यानं. ओसरीवर खांबाला टेकून बसायची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि वाचता वाचता पुस्तक मांडीवर आपटून म्हणायची, "अहो, असं कसं म्हणता तुम्ही? एका खोलीत एवढी लेकरं घेऊन बसून दावा, मग सांगा!"

पहिल्यांदा हे कानावर आलं तेव्हा मी रानातून येऊन दारात पायताण काढत होतो. कोण पाहुणा आलाय म्हणून डोकावलो. पाहुणा नव्हता. खाकी कव्हर घातलेलं जाडजूड पुस्तक होतं. तिथंच माझं डोकं फिरलं. लग्न झाल्यापासून त्या घरात ‘अहो’ मी एकटा होतो.

ताई म्हणजे माझी बायको. नवऱ्यानं बायकोला ताई म्हणू नये, हे मलाही कळतं. पण ती अंगणवाडीची सेविका, सगळं गाव तिला ताई म्हणायचं, आणि तिचं नाव घ्यायची सवय मला कधी लागली नाही. तिच्यापायी मी साऱ्या गावाचा दाजी झालो. माझ्याहून थोरली माणसंसुद्धा पारावरून हाक मारायची, "ओ दाजी, या की हिकडं!"

उन्हाळ्यात अंगणवाडीला सुट्टी लागली की आसपासच्या सेविका आमच्या ओसरीवर जमायच्या. अणदूरपर्यंत एसटी, पुढं वडापची जीप. पुस्तक एकच. ते एकीच्या पिशवीतून दुसरीच्या पिशवीत फिरायचं, आणि सगळ्यांचं वाचून झालं की चर्चा. लेकरू दुसऱ्याला का चावतं, एखादं सगळं चित्र काळंच का रंगवतं, असल्या गोष्टींवर अख्खी दुपार जायची. बाकीच्या बायका त्या दिवसांत कुरडया घालायच्या. आमच्या माळवदावर कुरडईचं नाव नाही. मी बोललो तर ताई म्हणाली, "कुरडया बाजारात मिळत्यात. ह्या बाया मिळत न्हाईत."

हे मला लई झोंबलं. मी कुठं मिळत होतो बाजारात?

त्यांचा एक नियम होता. वाचलं नाही त्यानं बोलायचं नाही. एकदा चावणाऱ्या लेकरावर खल चालला होता. मला राहवलं नाही. म्हणालो, "एक ठिवून द्यावी गालावर. त्यात वाचायचं काय?"

त्यांच्यातली थोरली, माहेर मुरुमचं म्हणून तिला सगळे मुरुमबाई म्हणायचे. तिनं वर बघून विचारलं, "दाजी, वाचलंय का?"

"न्हाई."

"मग पन्हं घ्या."

सगळ्या हसल्या. सगळ्यात जास्त ताई हसली, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. माझ्या बोलण्यावर ती एवढी हसलेली मी तेव्हाच बघितली, आणि तीही त्यांच्यात बसून. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस. पन्हं प्यालो आणि गोठ्यात जाऊन बसलो. तोंड बैलाकडं, कान ओसरीकडं.

लेकराशी बोलायचं तर ताई आधी खाली बसायची. "हुबं ऱ्हायलं की त्येला आपलं गुडघंच दिसत्यात," म्हणायची. माझ्याशी मात्र बोलायची ती चुलीकडं तोंड करून, नाहीतर झाडता झाडता. एकदा मी मुद्दाम तिच्यासमोर भुईवर बसलो. ती म्हणाली, "काय झालं? कंबर धरली का?"

गेल्या थंडीत तापाचं निमित्त झालं आणि ताई गेली.

तिच्या बाया भेटायला आल्या, रडल्या, आणि एकेक सांगायला लागल्या. ताई असं म्हणायची, ताईनं अशी नक्कल केली होती. त्यातलं निम्मं मला ठाऊक नव्हतं. माझ्याच घरात बसून माझी बायको मला नव्यानं सांगत होत्या. रडण्यातसुद्धा त्या माझ्या पुढं.

निघताना मुरुमबाई हळूच म्हणाली, "दाजी, पुस्तक ताईकडंच ऱ्हायलंय."

"देत न्हाई," मी म्हणालो. "माझं वाचायचं हाय."

बोट ठेवून ठेवून वाचलं. एका पानावर लिहिलं होतं, नवीन लेकरू आई गेली की रडतं. त्याला गप्प करू नका, नुसतं शेजारी बसा. आई परत येते हे रोज बघून त्याला भरवसा येतो, मग रडणं आपोआप थांबतं.

मी पुस्तक मांडीवर आपटलं. "अहो, असं कसं म्हणता तुम्ही? आन् न्हाईच आली परत, तर?"

बऱ्याच दिवसांनी घरात ‘अहो’ ऐकू आलं, ते माझ्याच तोंडून.

आता पुन्हा उन्हाळा आला आणि परवा बाया आल्या. पन्हं मीच केलं, गूळ जास्त झाला. मी ओसरीच्या खांबापाशी, ताईची जागा सोडून बसलो. मुरुमबाईनं नेहमीसारखं विचारलं, "दाजी, वाचलंय का?"

"वाचलंय."

"मग बोला."

मी ते पान काढलं आणि पुस्तकाला विचारलं होतं तेच त्यांना विचारलं. मग मुरुमबाई गुडघ्यावर हात देऊन उठली आणि येऊन माझ्या शेजारी भुईवर बसली. नुसती बसली.

नेमकी ताईच्या जागेवर. सरका म्हणणार होतो. म्हणालो नाही.