साबणाच्या खोक्यांवरच्या पाककृती

खोकी चपटी करण्यात माझा हात कोणी धरणार नाही. चिकटपट्टी सोलायची, ओले पुठ्ठे गच्चीवर वाळवायचे, वर्तमानपत्रांचा गठ्ठा वेगळा बांधायचा. निवृत्त झाल्यापासून मला हे भारी समाधानाचं काम वाटतं. महिन्यातून एकदा तंजावरातल्या आमच्या गल्लीत रद्दीवाला मोपेडवरून “पळैय पेपर!”, म्हणजे जुने पेपर, असं ओरडत येतो आणि माझे गठ्ठे पाहून खूश होतो. मग माझीही मान ताठ होते.

गेल्या महिन्यात ही हौस अंगाशी आली. रद्दीवाला गेला आणि स्वयंपाकघरातून आईची हाक आली, “माझे अट्टै कोठे ठिवलीस गे?”

अट्टै म्हणजे पुठ्ठे. साबणाच्या, चहाच्या खोक्यांचे ते कापलेले तुकडे मीच स्वयंपाकघरातल्या डब्यांमागून काढून गठ्ठ्यात घातले होते. छापील बाजू तेवढी पाहिली. आतल्या कोऱ्या बाजूवर आईने घरच्या पाककृती लिहिल्या होत्या, पण उलटून पाहायचं मला सुचलंच नाही. आता तिच्या हाताला कंप आहे. पुन्हा लिहिणं होणार नाही. तोंडी विचारावं तर “अंदाजाने घाल” एवढंच सांगते. मला रडूच आलं.

तशीच रिक्षा करून, रद्दीवाला माल टाकतो त्या दुकानात गेले. पुठ्ठे पार छतापर्यंत रचलेले. दुकानदाराला खूण काय सांगणार? म्हटलं, “अक्षरं तमिळ आहेत, पण वाचून काही कळायचं नाही.” आम्हा तंजावरच्या मराठी लोकांच्या घरांतून असंच चालतं, बोलणं मराठी आणि लिहिणं तमिळ अक्षरांत. तो चक्रावला. पण माणूस भला. दोघं मिळून गठ्ठे सोडायला बसलो.

तासाभराने तो एकदम हसला. “अम्मा, हेच का? एकही अक्षर अडत नाही आणि एकाही शब्दाचा अर्थ लागत नाही!” मग गंमत वाटून मोठ्याने वाचायलाच लागला. डाळ, गूळ, वेलची, सगळं तमिळ हेल काढत. आणि शेवटची ओळ: “माझ्या लेकीला हे नुसतं विचारून जमणार नाही, म्हणून लिहून ठिवते.”

भर दुकानात मी हसत होते नि पदराने डोळे पुसत होते.

“काय लिहिलंय, अम्मा?” त्याने घाबरून विचारलं.

“गूळ बेताने घाल म्हणते,” मी म्हटलं.