टाइल्सच्या फटी

जोगेश्वरीच्या ब्लॉकमध्ये राहायला गेलो तेव्हा मी आठवीत होते. स्वतःची बाथरूम ही गोष्ट आमच्या खानदानात पहिल्यांदाच घडत होती. माझ्या खांद्यापर्यंत पांढऱ्या टाइल्स, त्यांच्या वरच्या भिंतीला चुना. वडील साकीनाक्याच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांना त्या टाइल्सचं इतकं कौतुक, की पाहुण्यांना पाणी द्यायच्या आधी ते बाथरूम दाखवायचे. आम्हाला हसू यायचं, त्यांना नाही.

पहिल्याच आठवड्यात पहिल्या मजल्यावरच्या एक बाई ‘जागा बघायला’ म्हणून आल्या. दारासमोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, त्यामुळे आम्ही कोण हे कुणाला विचारावं लागत नसे. बाईंनी ना हॉल पाहिला ना स्वयंपाकघर. सरळ बाथरूममध्ये डोकावल्या आणि म्हणाल्या, “अगंबाई, स्वच्छ ठेवलंय की!” त्या आवाजातलं आश्चर्य आईला बरोबर कळलं. मलाही कळलं, पण मी लहान असल्यामुळे मला नुसता राग आला.

त्या दिवसापासून आई टाइल्सच्या मागे लागली. बिल्डिंगला बोअरिंगचं पाणी होतं. ते वाळलं की टाइल्सवर क्षाराचे ओघळ उमटायचे, साबणाने ढिम्म हलायचे नाहीत. वडिलांनी कारखान्यातून ऍसिडची बाटली आणली. आई नाकातोंडावर पदर घट्ट बांधून काथ्याने घासायची. महिन्यातून एकदा नाही, रोज. डोळ्यांतून पाणी यायचं, बोटांची सालं निघायची, भाकरी थापताना ती हात झटकायची.

“आई, इथे काय पंगत बसवायचीय का?” मी विचारायचे.

“तू अभ्यास कर,” ती म्हणायची.

या घासाघाशीत तिला एक सोबत मिळाली होती. आमच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर, एक मालवणी कुटुंब राहायचं. नवरा गिरणीत होता, संपानंतर कुठेशी वॉचमन झाला होता. बाई सकाळी अकराच्या सुमाराला आपली बाथरूम धुवायची. दोन्ही बाथरूमच्या खिडक्या पाइपांच्या एकाच अरुंद डक्टमध्ये उघडायच्या, तिथून दोघींच्या गप्पा चालायच्या. आई तिला वहिनी म्हणायची. मासळीचे भाव, पोरांचे मार्क, नवऱ्यांचे स्वभाव, सगळं त्या अंधाऱ्या डक्टमधून वरखाली व्हायचं. वहिनी खोबऱ्याची वडी पाठवायची, आई ताटली कधी रिकामी परत करायची नाही. आईला अख्ख्या बिल्डिंगमध्ये ती एकच मैत्रीण होती. आई हसायची तीसुद्धा फक्त त्या तासाभरात.

दीडेक वर्षानंतर एका रविवारी वहिनीचा नवरा वर आला. वडिलांनी आत बोलावलं, तो दाराबाहेरच उभा राहिला.

“आमच्या किचनच्या भिंतीला ओल आलीय. तुमच्या बाथरूमचं पाणी आहे. त्याच भिंतीला आमचा देवारा आहे, कळलं ना? तुमचं पाणी आमच्या देवांवर उतरतंय.”

वडिलांनी हात जोडले. दुरुस्त करून देतो म्हणाले. आईने काय केलं असेल? तिने दुसऱ्या दिवसापासून दोनदा घासायला सुरुवात केली. तिची अशी समजूत झाली, की कुठेतरी घाण साचलीय, म्हणून पाणी अडतंय आणि खाली जातंय. ओल वाढतच गेली. वहिनीचा आवाज डक्टमध्ये येईनासा झाला. आई खिडकीशी उभी राहून मोठ्याने बादली आपटायची, खाकरायची. खालून फक्त काथ्या घासल्याचा आवाज यायचा.

शेवटी वडील गवंडी घेऊन आले. त्याने टाइल्सच्या सांध्यांवरून खिळा फिरवला. खिळा आत गेला.

“सिमेंट कुठाय हो यातलं? ऍसिड मारता काय? रोज?” तो आईकडे बघून हसायला लागला. “बाई, तुम्हीच खाल्लंत की सगळं! टाइल्स चकाचक, आणि मधल्या फटीतून पाणी डायरेक्ट खाली.”

आईचा चेहरा मी आजही विसरू शकत नाही. कुणी बोट दाखवू नये म्हणून जे तिने दीड वर्ष केलं, त्यानेच बोट दाखवायला जागा दिली होती. मला तिची दया आली, आणि खरं सांगायचं तर चीडही आली.

गवंड्याने सगळे सांधे खरवडून व्हाइट सिमेंट भरलं. आठवडाभर आम्ही जुन्या घरातल्यासारखं ओट्याजवळ बादली घेऊन अंघोळी केल्या. महिन्याभरात खालची भिंत खडखडीत वाळली, हे वडिलांना वहिनीच्या नवऱ्याच्या बोलण्यातून कळलं. आईला हुरूप आला. तिने खोबऱ्याच्या वड्या केल्या, वहिनीच्या पद्धतीने, पण जरा जास्तच गोड.

जिन्यातच वहिनी भेटली. मी आईबरोबर होते.

“वहिनी, थांबली ना ओल?”

“थेंब पण नाय गो आता.” वहिनीने वड्यांच्या ताटलीकडे पाहिलं, हात मात्र पुढे केला नाही. तिचे डोळे भरले होते. “पण देवारा परत तिथे लावायचा नाय म्हणतात हे. जागा बाटली म्हणतात. आणि... तुझ्याशी बोलू नको म्हणतात.”

“सिमेंट भरलंय गं सगळीकडे,” आई म्हणाली.

“म्हाईत आहे मला,” वहिनी म्हणाली आणि खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आई पुन्हा बाथरूममध्ये. ऍसिड नव्हतं, नुसता साबण आणि काथ्या. माझं डोकं फिरलं. मी तिच्या हातातून काथ्या ओढून घेतला.

“आता कुणासाठी घासतेस? कोण येणार आहे बघायला?”

ती माझ्यावर ओरडली नाही. काथ्या परत घेतला आणि म्हणाली, “नाही घासलं, तर ते म्हणतात तेच खरं ठरेल ना.”