रुखवतातली रद्दी

दसऱ्याआधी राजापेठेतल्या आमच्या घरी स्वयंपाकघराच्या फळ्या धुतल्या जातात आणि त्यांच्यावरचे वर्तमानपत्राचे जुने कागद बदलले जातात. काम तासाभराचं, पण आमच्याकडे त्याला अख्खा दिवस लागतो. निघालेला प्रत्येक कागद आधी वाचायचा आणि मग ‘पुढं काय झालं’ ते सांगायचं, अशी घरातली पद्धत आहे.

ही पद्धत माझ्या मुलीनं पाडली. ती सातवीत असताना ‘बिबट्या दिसल्याची अफवा’ असा एक मथळा निघाला. ती म्हणाली, पुढं बिबट्यानं स्वतःच खुलासा केला, की मी त्या दिवशी मेळघाटातच होतो, साक्षीला दोन सांबरं आहेत.

मी विचारलं, "बिबट्यापाशी दोन सांबरं जिवंत कशी राहिली?"

"बाबा, त्याचा सोमवारचा उपास होता."

मी कागदावरचा वार पाहिला. मंगळवार. म्हणजे बातमी सोमवारचीच. माझी नोकरी वजनकाट्यावरची, त्यामुळे मला असं काही जुळलं की बरं वाटतं. त्या दिवसापासून घरात नियम झाला : गप्पा कितीही मारा, हिशोब जुळला पाहिजे.

गेल्या उन्हाळ्यात तिचं लग्न अकोल्याला ठरलं. लग्नात मुलीकडचे रुखवत मांडतात. मुलीच्या आणि तिच्या आईच्या हातच्या वस्तू टेबलावर ठेवायच्या, मुलाकडच्या बायका येऊन त्या पाहणार आणि दोघींचीही परीक्षा घेणार. माझ्या बायकोनं साखरेची तुळस केली, शेवयांचा बंगला केला. मुलीनं काय केलं, तर फळ्यांवरचे जुने मथळे कापून पुठ्ठ्यावर चिकटवले आणि प्रत्येकाखाली ‘पुढं काय झालं’ ते सुंदर अक्षरात लिहिलं.

"अहो, पोरगी रुखवतात रद्दी मांडून राहिली," बायको म्हणाली. "अकोल्याचे लोकं काय म्हणतीन?"

अकोल्याचे लोक म्हणजे खरं तर एकच व्यक्ती, नवरदेवाची मोठी आत्या. त्या घरात तिचा शब्द शेवटचा. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आम्ही दिलेलं लुगडं तिनं उलटं करून पाहिलं होतं आणि घडी घालून बाजूला ठेवलं होतं. लग्नाच्या दिवशीच माझ्या मुलीवर ‘आगाऊ’ असा शिक्का बसू नये, एवढीच माझी काळजी होती. एकदा बसलेला शिक्का सासरी जन्मभर पुरतो. म्हणून मी मुलीला म्हटलं, तुळस आणि बंगला पुरे आहे.

"बाबा, साखरेच्या तुळशीले आठ दिवसात मुंग्या लागतात. अन मी कशी आहो, ते त्यांनी आधीच पाहून घेतलेलं बरं."

मग मी माझ्या हातात होतं तेवढं केलं. सगळ्या पुठ्ठ्यांवरचे आकडे तपासले. ‘दुपारी घराबाहेर पडू नका’ या मथळ्याखाली होतं : ‘नवरा बारा ते चार घरी राहिला. तासाला दोन चहा, दिवसाचे आठ. पाचव्या दिवशी चाळिसावा कप झाल्यावर बायकोनंच त्याच्या हातात छत्री दिली.’ बरोबर होतं.

‘लग्नाची बस मूर्तिजापूरजवळ बंद, पन्नास वऱ्हाडी दोन तास ताटकळले’ हा पुठ्ठा बायकोला अपशकुनी वाटत होता. त्याखाली होतं : ‘वेळ जाईना म्हणून लोक एकमेकांची चौकशी करू लागले. पहिल्या तासात दोन सोयरिकी जुळल्या, दुसऱ्या तासात एक मोडली. उरलेली पक्की व्हावी म्हणून लोकांनी ड्रायव्हरला आणखी तासभर थांबायला सांगितलं.’ इथंही मला चूक सापडली नाही.

लग्नाच्या दिवशी आत्या नेमकी त्याच पुठ्ठ्यासमोर थांबली. चष्मा लावला, वाचलं, पुन्हा वाचलं.

"हे कोनं लिहिलं?"

"मी," पिवळ्या पातळात उभी असलेली माझी मुलगी म्हणाली.

"हिशोब चुकला तुया. पन्नास वऱ्हाडी. मंग ड्रायव्हर अन किलिंडर कुठं गेले? त्याहिले कोनी इचारलं का नाई?"

ते दोघे माझ्याही मोजणीत सुटले होते. मी सारवासारव करायला पुढं झालो, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आत्याबाई, ड्रायव्हरची सोयरीक मूर्तिजापुरातच जुळून राहिली होती. म्हणून तर बस बंद पडली."

आत्यानं चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. "अन किलिंडर?"

"तो तयार होता. पोरगी म्हणे, मले ड्रायव्हरच पाहिजे."

आत्या हसायला लागली. इतकी, की तिनं टेबलाचा आधार घेतला आणि शेवयांचा बंगला हलला. डोळे पुसून ती भाच्याकडं वळली. "आपल्या घरी जेवतानी निस्ता ताटाचा आवाज येते. हे सारे पुठ्ठे आपल्या गाडीत ठेव. एकबी इथं राहू देऊ नको."

मी आयुष्यभर वजनं केली, पण त्या वेळी मला जे वाटलं ते कुठल्याच काट्यावर घालू शकलो नसतो. मला माझ्या मुलीचा अभिमान वाटला. तिनं आपलं तोंड माहेरी ठेवलं नाही, सोबत नेलं.

दिवाळीत आम्ही अकोल्याला गेलो. तुळशीला खरंच मुंग्या लागल्या होत्या. पुठ्ठे मात्र जेवणाच्या खोलीत ओळीनं टांगलेले होते, आणि शेवटी एक नवा होता, थरथरत्या अक्षरातला. मथळा : ‘शहरात सर्वत्र शांतता’. खाली : ‘मंग आमच्या घरी सून आली. बंदोबस्त वाढवावा.’

"पाहा बरं, बरोबर हाये का?" आत्यानं विचारलं.

मी म्हटलं, "आत्याबाई, बंदोबस्त किती माणसांचा, तो आकडा लिहायचा राहिला."

"इवाईबुवा, आकडा कायचा लिहू? तुमच्या पोरीपुढं कितीबी लावले तरी पुरनार नाई."