स्टॉकहोमचं पाणी

ओल्या दोरखंडाचा वास आला की मला साठ-एकसष्ट सालातली ती बोट आठवते. सातवीतून शाळा सोडलेला मी स्टॉकहोमला एका गोऱ्या कुटुंबाकडे स्वयंपाकी होतो. त्यांनीच माझ्या आईचं तिकीट काढून तिला बोलावलं, आणि एका रविवारी आम्हा दोघांना बोटीतून शहर दाखवायला नेलं.

काठावर राजवाडा होता, मनोरे होते. आई मात्र खालच्या काळ्या पाण्याकडेच बघत होती. मुळशीच्या धरणात आमचं गाव गेलं तेव्हा ती नवी नवरी होती.

"ह्या पान्याखाली कुनाची गावं हायेत रं? ईचार बाईंना. म्हनावं, आमचं बी असंच बुडालं."

घरच्या बाईंनी मला त्यांच्या भाषेत विचारलं, "आई काय म्हणतात?"

त्यांचा दिवस नासेल, त्यांना आम्ही कृतघ्न वाटू, या धास्तीनं मी त्यांच्याच भाषेत म्हणालो, "शहर फार आवडलं म्हणते." बाई खुलून हसल्या आणि त्यांनी आईचा हात हातात घेतला.

आईनं तो सोडवून घेतला. "गाव बुडालं म्हनल्यावर हसत्यात व्हय?"

मी तिला काठावरचा राजवाडा दाखवू लागलो.

पुढं मी सुट्टीला धरणाकाठच्या माल्याला, आईच्या घरी गेलो की आई शेजारणींना सांगायची, "त्या बाईला काळीजच न्हाई." मी मान खाली घालून जेवत राहायचो.