बॉनेटखालच्या चार तारखा

परवा रविवारी सकाळी तासगावात घराच्या दारातच गाडीचं बॉनेट उघडलं, आणि पुन्हा तेच डोक्यात गेलं.

बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेल्या चार तारखा. दर दोन वर्षांनी कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, बदलल्याच्या. ओळी अशा सरळ, की पट्टी लावूनही मला जमणार नाहीत... हे अक्षर गाडीच्या आधीच्या मालकांचं, म्हसवडच्या एका रिटायर्ड सुभेदारांचं. सैन्यात त्यांनी आयुष्यभर गाड्याच सांभाळल्या.

गाडी घेऊन दीड वर्ष झालं. तरी गॅरेजवाला अजून "सुभेदारांची गाडी आली" असंच ओरडतो. मी पंपाच्या जळालेल्या मोटारींचं रिवाइंडिंग कुणाच्या हाताखाली न राहता शिकलो, गाडीचं निम्मं काम पुस्तक वाचून स्वतः करतो... त्याचं कौतुक कुणाला नाही.

त्यातल्या चौथ्या तारखेला दोन वर्षं गेल्या महिन्यात पुरी झाली. पण कंपनीच्या पुस्तकात पाच वर्षं दिलीत. रेडिएटरशेजारच्या बाटलीतलं कूलंट स्वच्छ हिरवं, पातळी दोन खुणांच्या बरोबर मधे. ठरवलं, बदलायचं नाही.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. "आवं, फुडल्या रविवारी आत्यांना घिऊन महाबळेश्वरला जायचं हाय. घाटात तापली म्हंजी? सुभेदारांनी कवाच बदललं असतं."

झालं! आता या माणसाची चूक काढायचीच, म्हणून तिच्यासमोर स्पीकरवर फोन लावला. "सुभेदारसाहेब, पुस्तकात पाच वर्षं लिहिलंय. तुम्ही दोनच वर्षांत का बदलत होता?"

ते हसले. "आवं पाव्हणं, हौस न्हाई ती. एकदा उन्हाळ्यात पाइप फुटला, समदं कूलंट रस्त्यावर. मी शाना, बोअरचं पाणी भरलं आन् दोन म्हैनं तसंच फिरवली. आमच्यातलं पाणी लय जड, भांड्याला बी पांढरा थर धरतंय. रेडिएटर आतनं खराब झाला, अजून थर सुटून कूलंट घाण व्हतंय. तवापास्नं दोन वर्षं म्हंजी दोन वर्षं. इसरू नये म्हणून लिवून ठिवलं."

"मग गाडी देताना सांगायचं की हो!"

"सांगत हुतो की... तुमीच म्हणला, मला गाडीतलं कळतंय, पुढचं बोला."

बायकोनं कप आत नेले आणि येताना टब आणून माझ्यासमोर ठेवला.

इंजिन गारच होतं. या वेळी बाटली सोडून थेट रेडिएटरचं झाकण काढलं आणि खालून निचरा केला. टबात तांबूस, गढूळ पाणी, तळाला पांढरा चुरा. बाटलीत जे स्वच्छ दिसत होतं, ते पातळी उतरली की मीच वरून घातलेलं होतं! डिस्टिल्ड वॉटरनं तीनदा धुतलं, तेव्हा कुठे पाणी नितळ आलं, मग नवं कूलंट भरलं.

ज्या तारखांवर मी दीड वर्ष जळत होतो, त्या हुशारीच्या नव्हत्याच. ती एक चूक होती, आणि बॉनेट उघडेल त्याला दिसेल अशी लिहून ठेवलेली. माझ्यानं तसं झालं असतं का... नसतं. म्हणून निदान इथे लिहितोय.

सुभेदारसाहेब, आभार. पाचवी तारीख मी तुमच्या चौथीखाली लिहिली. दोनदा पुसून लिहिली, तरी तिरकीच आली. अक्षराचा हेवा अजून आहे.